विहिरीवरच्या चरखीची होडीवर बढती

मित्रांनो, मी एक जुनी चरखी आहे. पण 'जुनी' हा शब्द ऐकून लगेच डोळे ओले करू नका. आमच्या लोखंडाच्या जातीत जुनी म्हणजे टिकलेली. जी टिकत नाही ती जुनी होतच नाही, ती सरळ भंगारात जाते.

आधी माझी ओळख करून देते. दोन लोखंडी पाटांमध्ये एक जाड रूळ, त्याच्यावर गुंडाळलेला दोर, बाजूला एक लहान आणि एक मोठं दातेरी चाक, आणि फिरवायला हँडल. लहान चाक पुष्कळ फिरतं तेव्हा मोठं थोडंसं सरकतं. त्यामुळे हलक्या हातालाही जड वजन उचलता येतं. सरकारी कचेरीत याच्या अगदी उलट चालतं असं ऐकते, पण तो माझा विषय नाही.

माझा खरा दागिना म्हणजे माझा खटका. बोटाएवढा हा लोखंडी तुकडा मोठ्या चाकाच्या दात्यांत पडतो आणि चाकाला उलटं फिरू देत नाही. अर्धवट उचललेलं ओझं तसंच ठेवून तुम्ही घाम पुसा, तंबाखू मळा, शेजाऱ्याशी बांधावरून भांडा. ओझं जिथल्या तिथं राहतं. फिरताना माझा 'खट्, खट्' असा आवाज होतो. बाकीची यंत्रं नुसता आवाज करतात. मी हमी देते.

माझा जन्म रावेरला अय्युब मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये झाला. मोठं चाक उसाच्या मोडक्या चरकाचं, पाट कुठल्याशा जुन्या फाटकाचे, आणि रूळ मात्र खानदानी. तो देवचंद आबांच्या पहिल्या ट्रकचा ॲक्सल. त्या ॲक्सलनं रावेरची केळी थेट दिल्लीपर्यंत वाहिली होती. त्यामुळे जन्मापासूनच मी दिल्ली पाहिलेली आहे असं म्हणायला हरकत नाही.

माझं काम विहिरीतल्या मोटारी वर काढण्याचं. चैत्रात मोटार जळली की केळीच्या बागेला चार दिवसही दम निघत नाही. मग अय्युब मिस्त्रींना बोलावणं येई. विहिरीच्या तोंडावर तीन पायांची घोडी उभी राही, मला तिच्या पायथ्याशी बांधत आणि मिस्त्री ओरडत, "ओळंबा पहिले, जोर नंतर!" म्हणजे दोर आधी गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ ओझ्याच्या डोक्यावर आला पाहिजे. तिरका असताना ओढलं तर पाइप विहिरीच्या कडेला अडतो, आणि मग मोटारही जाते आणि चरखीही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या दात्यांना ते पाठ आहे. फैजपूरच्या तानुबाई तर काम सुरू होण्याआधी मला हळदकुंकू लावत. इकडे मिस्त्री बिस्मिल्ला म्हणत. दोन्ही बाजूंनी विमा उतरवलेली चरखी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच होते.

पुढे जीपवर बसवलेली मोटार काढण्याची यंत्रं आली. त्यांना भोंगा होता, टपावर दिवा होता, मालकाच्या नावाचा स्टिकर होता. माझ्याकडे फक्त काम होतं. मी कोपऱ्यात गेले. गिऱ्हाइकं माझ्यावर बसून चहा पिऊ लागली. नंतर मिस्त्रींच्या घरच्या अमिनाबींची एक पांढरी कोंबडी माझ्यावर अंडी घालायला बसू लागली. उत्पादनाच्या क्षेत्रात तेव्हा माझा सहभाग एवढाच उरला होता. तरी ती घसरू नये म्हणून मी रूळ हलू देत नव्हते. सवय हो, दुसरं काय.

आता होडी.

देवचंद आबांनी जन्मभर केळीचे ट्रक चालवले आणि पुढे चालवून घेतले. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थाला जातात किंवा पतसंस्थेच्या निवडणुकीला उभी राहतात. आबांनी गुजरातच्या किनाऱ्यावरून एक वापरलेली पांढरी मोटरबोट आणली, रिकाम्या परतणाऱ्या केळीच्या ट्रकमधून, खाली केळीच्या सुक्या पानांची गादी घालून. रावेरच्या चौकात ट्रक थांबला तेव्हा लोकांनी आबांना विचारलं, "पूर येनार आहे का?"

होडी तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यात उतरली. आबा सुकाणूवर बसले, कारण ते ड्रायव्हर. नांगर टाकण्याचं आणि ओढून काढण्याचं काम पार्वताबाईंकडे आलं. त्या आबांच्या पत्नी. घरात जड उचलायचं काम कोणाकडे जातं हे ठरवायला कुठंच बैठक लागत नाही.

गंमत म्हणजे पाण्याचं वेड आबांपेक्षा पार्वताबाईंनाच जास्त लागलं. रोज उन्हं कलली की त्या तयार. एकदा शेजारणीनं विचारलं, "अक्का, त्या पान्यात बसून करता तरी काय?"

"काही नाही," पार्वताबाई म्हणाल्या. "तेच तर. लग्न झालं तवापासून मी बसली की कोनी तरी येते अन् म्हनते, चहा ठेवा. पान्यात पाव्हना येत नाही."

काठाजवळच्या उथळ पाण्यात दोन वर्षं असं सुखात गेलं. मग नांगर ओढून ओढून पार्वताबाईंचा उजवा खांदा गेला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता खेचाखेची बंद. आबांची कंबर तर ट्रकांनी आधीच वाटून खाल्लेली. नांगराशिवाय होडी न्यायची म्हणजे वारा नेईल तिकडे जायचं. तेव्हा होडी विकायची असं ठरत आलं. धुळ्याकडे एका तलावाकाठी रिसॉर्ट चालवणारे चुडामणभाऊ घ्यायला तयार होते. ते येत्या रविवारी होडी बघायला येणार होते.

त्या दिवशी पार्वताबाईंनी घरात चहा केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "नांगर ओढाले यंत्र बसवा. माह्या एका हातानं तो वर आला तर होडी राहीन. नाही आला तर घेऊन जाऊ द्या त्याले. मंग मी तोंडातून शब्द काढनार नाही."

मित्रांनो, मग सुरू झाला यंत्र बघण्याचा कार्यक्रम. आपल्याकडे मुलगी बघतात तसाच. उंची, वजन, घराणं आणि खर्च किती येईल.

पहिलं स्थळ आबांनी आणलं. ट्रक दलदलीत फसला की ओढून काढणारं ते दांडगं यंत्र होतं. आबांचा हिशेब साधा होता: होडीला ब्रेक नसतो, नांगर हाच ब्रेक, आणि ब्रेक ट्रकचा असावा. ते यंत्र होडीच्या टोकावर ठेवून पाहिलं. होडीनं नाक खाली घातलं आणि गुरासारखं पाणी प्यायला सुरुवात केली. ते स्थळ तिथंच मोडलं.

दुसरं स्थळ मुलानं आणलं. संघपाल पुण्याहून खास त्यासाठी आला होता. स्टीलचं चकचकीत यंत्र, बटण दाबलं की साखळी आपोआप आत. ते बसवण्यासाठी अय्युब मिस्त्रींना बोलावलं होतं, पण आधी वर्कशॉपच्या अंगणात चाचणी घेऊ असं ठरलं. म्हणून सगळे माझ्यासमोर जमले. मी कोंबडीखालून सगळं पाहत होते.

"आई, बटण दाबायचं, बस्स," संघपाल म्हणाला.

"अन् लाइट गेली मंग?"

"आई, हे बॅटरीवर चालतं. बोर्डाच्या लाइटीचा संबंधच नाही."

"बॅटरी कोन भरते?"

"होडीचं इंजिन."

"अन् इंजिन बंद पडलं मंग? तवाच तर नांगर टाकतात ना रे? मंग तो काढाचा कसा?"

"हातानं फिरवायचा दांडा असतो त्याला. तो वेगळा मागवावा लागतो."

"मागवला?"

संघपाल फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. ते त्याला बराच वेळ सापडलं नाही.

तरी यंत्र चांगलं होतं, हे मी मोठ्या मनानं सांगते. घोळ झाला तो साखळीचा. त्या यंत्राच्या चाकावर कड्यांच्या मापाचे खळगे होते, आणि संघपालनं मिलिमीटरसकट माप कळवलं होतं. पण आबांनी भुसावळहून दुप्पट जाड साखळी आणली. बटण दाबल्यावर साखळी खळग्यांत बसेना. ती चाकावर कडकड उड्या मारायला लागली.

"बाबा, मी माप सांगितलं होतं."

"अरे, सांगितल्यापेक्षा जाड आनली. आपला फायदाच आहे."

"बाबा, चप्पल दोन नंबर मोठी घेतली तर फायदा होतो का?"

"तुह्या लहानपनी साऱ्या चपला तशाच घेतल्या," आबा म्हणाले. "पुरल्या ना?"

योग्य मापाची साखळी यायला पुढचा आठवडा उजाडणार होता. रविवार तर परवावर आला होता. संघपालनं पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं, साखळी पुन्हा कडकडली. तेवढ्यात त्या साखळीच्या आवाजानं बिचकून कोंबडी माझ्यावरून उडाली आणि पार्वताबाईंची नजर माझ्यावर पडली.

"अय्युबभाऊ, ते काय आहे?"

"वो? अरे अक्का, ती आपली जुनी चरखी. मोटारी काढाची."

"फिरते अजून?"

मिस्त्रींना राग आला. त्यांनी माझ्या अंगावरची पिसं झटकली, दात्यांत तेल सोडलं आणि मला निंबाच्या बुंध्याला बांधलं. दोर फांदीवरून टाकून त्याला नांगर आणि साखळीचा एक तुकडा लावला. पार्वताबाईंनी पदर खोचला आणि डाव्या हातानं हँडल फिरवायला सुरुवात केली. खट्, खट्, खट्. नांगर जमिनीवरून उठला. गुडघ्याला आला, कमरेला आला, डोक्याच्या वर गेला.

आणि मग त्यांनी मुद्दाम हात सोडला.

"अवं, सोडू नको!" आबा ओरडले आणि त्यांनी संघपालला मागे ओढलं.

नांगर तिथंच लटकत राहिला. निंबाची दोन पिवळी पानं तेवढी खाली आली.

"ओढते किती ते मले नका सांगू," पार्वताबाई म्हणाल्या. "हात सोडल्यावर धरून ठेवते का, तेवढंच मले पाह्यचं होतं. हीच बसवा."

मित्रांनो, इतकी वर्षं लोकांनी माझी ताकद विचारली होती. माझा खटका पहिल्यांदाच कोणी विचारला. मला गंज चढलेला नसता तर मी लाजले असते.

मिस्त्रींनी माझं हँडल उजवीकडून काढून डावीकडे बसवलं. होडीच्या टोकावर मला पक्कं केलं, आणि संघपालच्या हट्टामुळे खालून जाड लोखंडी पत्राही लावला, नाहीतर ओढ बसल्यावर होडीचं फायबरच फाटलं असतं. पुण्याला परत जाताना संघपालनं एक गोष्ट दोनदा बजावली, "बाबा, पाणी जेवढं खोल, त्याच्या पाच-सहा पट दोर सोडायचा."

तो गेल्यावर आबा आणि मिस्त्री पोट धरून हसले.

"पाच पट? आपन कधी पन्नास फुटाच्या विहिरीत अडीचशे फूट दोर सोडला का रे अय्युब?"

"सोडला असता, आबा, तर मोटार पाताळातून निघाली असती."

खरं सांगते, मीही हसले. आम्ही सगळे विहिरीची माणसं. विहिरीत पाणी जेवढं, दोर तेवढाच. वर दोन हात गाठीला. आबांनी विटेला सुतळी बांधून फुगवट्याची खोली मोजली, दोन हात वाढवले आणि दोर कापून माझ्या रुळावर गुंडाळला. उरलेलं भलं मोठं वेटोळं ते फेकायला निघाले होते. पार्वताबाईंनी ते हिसकून आपल्या बसण्याच्या फळीखाली ठेवलं. दोर, बरणीचं झाकण आणि लग्नातली पिशवी या घरातून बाहेर जात नाहीत.

रविवारी चुडामणभाऊ आले. काळा गॉगल, पांढरे बूट, आणि होडीत पाय ठेवतानाच मालकाची नजर. दुपार उतरली होती आणि पश्चिमेचा वारा सुटला होता. मध्यावर गेल्यावर आबांनी इंजिन बंद केलं. पार्वताबाईंनी नांगर सोडला. दोर सरसर गेला, नांगर तळाला टेकला, मी खटका लावला. दोर विहिरीतल्यासारखा सरळ उभा. आबा, पार्वताबाई आणि मी समाधानानं पाहत राहिलो.

होडी मात्र चालायला लागली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग काठावरची बुडालेल्या बाभळींची काळी खोडं जवळ येताना दिसली. नांगर तळावरून टुणूक टुणूक उड्या मारत आमच्यामागे येत होता.

"भाऊ, हाई होडी ते निंघनी!" चुडामणभाऊ कठडा धरून म्हणाले. "नांगर टाका शे ना?"

"चरखी सुटली!" आबा ओरडले. "तरी मी म्हनत होतो, ट्रकचं यंत्र पाह्यजे!"

मित्रांनो, हा आरोप माझ्या कुळावर होता. मला वाचा असती तर त्या क्षणी मी असंसदीय बोलले असते. पण पार्वताबाई वाकल्या, त्यांनी माझ्या खटक्यावर बोट ठेवलं आणि मग ताणलेल्या उभ्या दोराकडे पाहिलं.

"चरखी नाही सुटली. नांगर उपटून राह्यला."

"नांगर कसा उपटंन? एवढा जड!"

"अहो, बकरी आखूड दाव्यानं बांधली तर काय करते? खुंट्याले वर ओढते, अन् खुंटा घेऊन पळते. दावं लांब सोडलं की ओढ आडवी बसते. खुंटा हलत नाही. तुमचं दावं आखूड आहे. पोरगा सांगत होता, तर तुमी दोघं हसले."

आबांनी मान डोलावली. लग्नानंतर ही वेळ क्वचितच आली होती. पार्वताबाईंनी डाव्या हातानं मला फिरवायला घेतलं. खट्, खट्, खट्. नांगर वर आला. चुडामणभाऊंनी गॉगल कपाळावर चढवला. आबांनी इंजिन चालू करून होडी बाभळींपासून दूर, वाऱ्याच्या तोंडाशी नेली. तेवढ्यात पार्वताबाईंनी फळीखालचं वेटोळं काढलं आणि नांगराची साखळी आणि दोर यांच्यामध्ये गाठून टाकलं. गाठी अशा की त्या बैलालाही सुटल्या नसत्या.

दुसऱ्यांदा नांगर टाकला. आबांनी होडी हळूहळू मागे जाऊ दिली. मी दोर सोडत राहिले, सोडत राहिले; इतका दोर मी कुठल्याच विहिरीत सोडला नव्हता. मग खटका पडला. दोर तिरका ताणला गेला, होडीनं झुलून वाऱ्याकडे तोंड केलं आणि ती थांबली. अशी थांबली की वारा आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला.

पार्वताबाईंनी हँडल सोडलं. त्या पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "थर्मासमधला चहा ओता."

आबांनी ओतला. पहिला कप त्यांना दिला, पाहुण्यांना नंतर.

निघताना आणखी एक परीक्षा झाली. नांगर तळाशी एका बाभळीच्या मुळात अडकला होता. पार्वताबाईंनी हँडल फिरवलं, तर दोर ताणून तारेसारखा झाला आणि माझ्याखालचा पत्रा कण्हला.

"ओढ, ओढ!" आबा मागून म्हणाले. "तिनं विहिरीतल्या मोटारी काढल्या, नांगराचं काय!"

पार्वताबाई थांबल्या. खटका होताच. त्या मागे वळल्या. "अय्युबभाऊनं तुमच्यादेखत जन्मभर काय सांगितलं? ओळंबा पहिले, जोर नंतर. होडी पुढं घ्या. हळू. चरखीनं होडी ओढाची नसते. होडी इंजिननं जाईन, चरखी फक्त ढिला दोर गोळा करीन."

होडी पुढे सरकली. दोर सैल पडला तसा मी गोळा करत गेले. खट्, खट्. दोर उभा झाला, नाकाखाली अगदी ओळंब्यात. "बस!" त्या म्हणाल्या. मग दोन फेरे, फक्त दोन, आणि नांगर वर आला. त्याच्या फाळाला बाभळीचं मूळ गुंडाळलेलं होतं.

काठावर उतरल्यावर चुडामणभाऊ घुटमळले. "आक्का, आते होडी देनी नई ना?"

"नाही, भाऊ," पार्वताबाई म्हणाल्या. "एका हातानं वर आला. तुमी पाह्यलं."

"दिखनं. मंग हाई चरखी तरी कोठे भेटी?"

माझ्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण. मला मागणी येत होती, आणि तीही धुळ्याहून.

"ते भेटत नाही," आबा ऐटीत म्हणाले. "ते माह्या ट्रकच्या ॲक्सलची आहे."

आता मी रोज संध्याकाळी कामावर असते. संघपालनं फोनवरून सांगितलं की होडी थांबली की दोराचे दोन वेढे बाजूच्या लोखंडी खुंट्यालाही द्यावेत, सगळा भार एकट्या चरखीवर ठेवू नये. मला ते आधी अपमानास्पद वाटलं. आता वारा फार असला की खुंटा थोडी मदत करतो, असं मी म्हणते. स्टीलचं ते यंत्र वर्कशॉपमध्ये खोक्यात आहे. त्याची साखळी आली, दांडा अजून यायचा आहे. खोक्यावर पांढरी कोंबडी बसते. मी तिला दोष देत नाही. तिलाही बसायला न हलणारी जागा लागते.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घरातलं जुनं यंत्र बाहेर काढण्याआधी त्याच्या सांध्यांत थेंबभर तेल सोडून बघा. नवं घ्यायला गेलात तर खुशाल घ्या, पण माप सांगितलेलंच न्या. आणि यंत्र असो की माणूस, ओढतो किती हे सगळेच विचारतात. हात सोडल्यावर धरून ठेवतो का, हेही एकदा पार्वताबाईंसारखं हात सोडून बघा.

त्या रोज निघण्याआधी जुन्या लुगड्याच्या फडक्यानं मला पुसतात आणि खटक्यावर तेलाचं बोट फिरवतात. मग नांगर टाकतात, हँडल सोडतात आणि तो मोकळा हात मागे करतात. आबा त्यात कप ठेवतात. चहा संपेपर्यंत त्या माझ्याकडे वळूनही बघत नाहीत.

मला याहून मोठी शाबासकी ठाऊक नाही.